पाचवीचं पेन

प्रिय आरतीताई,

सापडलं! ईशानची छाती सारखी का भरते, ते सापडलं गं! लॅबमध्ये मी एवढ्यांदा ओरडले की आमच्या उत्तमरावांच्या हातातला चहाच सांडला. सोमवारी अमरावतीला आलात की डॉक्टर सगळं समजावतीलच, पण माझ्या पोटात काही राहीना.

आपल्या रक्तात एक प्रथिन असतं. जंतू शिरला की ते त्याला चिकटतं, मग बाकीच्या पेशींना कळतं की हा परका आहे, याला धरा. ते प्रथिन कसं बनवायचं हे जनुकात लिहिलेलं असतं. ईशानच्या त्या जनुकात एक अक्षर वेगळं आहे. एक प्रत तुझ्याकडून आली, एक नितेशभाऊजींकडून, म्हणून ते प्रथिन त्याच्यात जवळजवळ नाहीच. अशी माणसं पुष्कळ असतात, बहुतेकांना पत्ताही नसतो. काही लेकरांना मात्र लहानपणी त्रास होतो. वय वाढलं की शरीर दुसऱ्या वाटेनं सावरतं. तोवर राहिलेली लस द्यायची आणि ताप आला की घरी थांबायचं नाही, इतकंच. शाळेत पाठव त्याला, मातीत खेळू दे!

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण पुढचं बोलायची हिंमत होत नाही, म्हणून लिहितेय.

ईशानची पाचवी आठवते? अकोल्याला, आपल्या घरी? आईनं तुझ्या खाटेशेजारी पाटावर सटवाईसाठी कोरा कागद आणि नवं पेन ठेवलं होतं. सकाळी पेन नव्हतं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "सटवाई लिवन कायनं? लेकराचं नशीबच कोरं ठेवलं तू!" तेव्हापासून ईशान खोकला की बोल तुलाच. तूही ते खरं मानलंस, किती उपास धरलेस. ताई, ते पेन मी नेलं होतं. दुसऱ्या दिवशी बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर होता, माझं पेन चालेना. नंतर घाबरले, आणि घाबरलेलीच राहिले.

काल मी माझंही रक्त तपासून घेतलं. तेच अक्षर, तेच प्रथिन कमी. आणि माझी पाचवी आईनं कागद-पेनासकट यथासांग केली होती. रविवारी ते पेन घेऊन मूर्तिजापूरला तुझ्या सासरी येतेय. सासूबाईंना मीच सांगेन, तू फक्त माझ्याशेजारी बस.

तुझीच,
सहा वर्षं गप्प बसलेली
जुईली