मापाचा माणूस

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही ह्यांनी पाय खाली सोडला नाही!

डॉक्टर तोंडावर बोलले. हाड बसलंय, ऑपरेशन चांगलं झालंय, आता उभं राहायचं काम पेशंटचं. असेच पडून राहिले तर छाती भरेल. मग आमच्याकडे बघू नका.

व्यायाम करून घेणारी मुलगी गोड आहे. वॉकर खाटेला लावून म्हणाली, "आजोबा, चालायचं नाही हं, नुसतं उभं राहायचं." हे छताकडे बघत म्हणाले, "उभं राहून कुठं जायचंय? शिवणाचं दुकान बंद केलं. कपडे आता सगळे तयार घेतात."

बाथरूममध्ये घसरले ते खुब्यावर पडले खरे— पण मोडलं ते दुसरंच काहीतरी. हाय खाल्लीय माणसाने. सूप पाजलं तर दोन चमचे. तिसऱ्याला तोंड मिटलं, लहान मुलासारखं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

स्टुडिओत गेले. जायलाच हवं होतं, तीनदा निरोप आला.

घाईताई (आमची मुख्य— हे नाव मी मनातच ठेवलंय, बसली तरी धावत असल्यासारखी दिसते) म्हणाली, "मावशी, पार्कमध्ये नवीन राइड करायचीय. भीतीची. बंद पडलेलं इस्पितळ! लोक छोट्या गाडीत बसणार, अंधारातून वॉर्डावॉर्डातून फिरणार. पहिली चित्रं तुमची."

मी पेन्सिलीला टोक काढत राहिले. तर तीच पुढे— "आणि तुम्ही तर रोज जाताच ना तिथे. रेफरन्स आयताच!"

बोलली आणि तिचं तिलाच कळलं. कान लाल झाले. मग उगाच माझ्या पेन्सिली सारख्या करत बसली. पोरगी वाईट नाही. जीभ पायांपेक्षा जोरात पळते, एवढंच.

हो म्हणाले. घरी बसून तरी काय, भिंती मोजणार?

६ नोव्हेंबर, गुरुवार

कागद कोरा.

आजवर राक्षसाचं स्वयंपाकघर काढलं, समुद्राखालचं शहर काढलं, डोंगराच्या पोटातली खाण काढली. सगळं आधी माझ्या कागदावर उभं राहिलं आणि मग पार्कात. कुठे शिकले? कुठेच नाही. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता हात बसला. पण इस्पितळ म्हणजे कोळिष्टकं, गंजलेल्या खाटा, भिंतीवर हाताचे ठसे— हेच काढायचं ना? काढलं. खोटं दिसतं! खऱ्या इस्पितळात कोळिष्टक कुठे असतं? तिथे फरशी इतकी स्वच्छ असते की आपलीच सावली अंगावर येते. भीती फिनेलच्या वासात असते. पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज येतो ना, त्यात असते.

संध्याकाळी ह्यांच्याजवळ बसले. शेजारच्या खाटेवरचे खोकलेबुवा रंगात आले होते. "वहिनी, तुमच्या मालकांना सांगा, मी उठलो की आधी ह्यांच्याकडून सूट शिवून घेणार!" हे पुटपुटले, "आधी उठा तर." बुवा म्हणाले, "आधी तुम्ही!"

दोघं जरा हसले. दोघांनाही खोकला आला.

९ नोव्हेंबर, रविवार

गेले तर शेजारची खाट रिकामी.

नवी चादर. चारी कोपरे घट्ट दुमडलेले. उशीवर एक सुरकुती नाही. जणू तिथे कधी कुणी खोकललंच नव्हतं.

मी सिस्टरकडे बघितलं. तिने मान हलवली. हे भिंतीकडे तोंड करून पडून होते. म्हणाले, "पहाटे गेले. फार आवाज नाही केला."

मग बऱ्याच वेळाने— "सूट राहिला."

१० नोव्हेंबर, सोमवार

चित्र झालं. एका बैठकीत.

लांबच लांब वॉर्ड. सगळीकडे अंधार. मधोमध एकच खाट उजेडात, आणि ती नीट आवरलेली. चादर पांढरी, कोपरे घट्ट. बस. एवढंच.

पण खरं लिहायचं तर चित्र अर्धं आहे. माणूस टाकला नाही.

आमच्या धंद्यात प्रत्येक चित्रात एक माणूस लागतो. त्याच्यावरून बाकीच्या गोष्टींची उंची कळते— महाल किती मोठा, गुहा किती खोल. मापाचा माणूस म्हणतो आम्ही. तो नेहमी पाठमोरा काढायचा. चेहरा दिसला की बघणारा चेहऱ्यातच अडकतो, महाल राहतो बाजूला. लग्न झाल्यापासून माझा मापाचा माणूस एकच. बिनबाह्यांचा स्वेटर, हात मागे बांधलेले, डावी टाच जराशी उचललेली, गळ्यात टेप. हे! राक्षसाच्या चुलीपुढे हेच उभे, समुद्राच्या तळाशीही हेच. सगळा स्टुडिओ ह्यांना मामा म्हणतो. मॉडेल बनवणारा आमचा सुतार तर फूटपट्टी लावतच नाही. "दरवाजा दीड मामा, खांब चार मामा," असा हिशोब.

आजही हात सवयीने तिथेच गेला. स्वेटरची रेघ ओढली आणि हात आखडला. त्या वॉर्डात ह्यांना उभं करू? त्या खाटेपुढे?

खोडून टाकलं. कागद चुरगळेपर्यंत खोडलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घाईताईने चित्र बघितलं. "छान आहे मावशी, पण भूत कुठाय?"

म्हटलं, हेच.

ती चक्क एका जागी उभी राहिली. घड्याळही बघितलं नाही. मग हळूच म्हणाली, "माझी आजी गेली तेव्हा मी अशीच खाट बघितली होती." चित्र उचलून स्वतः सुताराकडे घेऊन गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फजिती! सुताराने मॉडेल केलं, आणि वॉर्डाचा दरवाजा एवढासा, की गाडीतल्या माणसाचं डोकं आपटेल! छत खाली, खाट मात्र हत्तीची वाटावी एवढी.

सुतार माझ्यावरच उखडला. "मावशी, मी काय करणार? मामा कुठायत चित्रात? मामा नाहीत तर माप कशावरून घेऊ? डोळे मिटून?"

म्हटलं, विसरले.

"मामांना विसरलात? तुम्ही?"

त्याला माहीत आहे हे कुठे आहेत ते. एकदम आवाज खाली आला. "बरे आहेत ना?" असं विचारून लगेच करवतीकडे वळला. मला बरंच झालं. उत्तर द्यावं लागलं नाही.

चित्रात माणूस लागणार. दुसरा कुणी काढू म्हटलं तर हात वळत नाही. रस्त्यावरचा काढला तरी टाच उचललेली येते! शेवटी ठरवलं— मीच उभी राहते. दारात, खाटेकडे बघत.

तर कळलं, मला माझी पाठच माहीत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज ह्यांनाच विचारलं. "अहो, माझी पाठ कशी दिसते?"

डोळे उघडले. किती दिवसांनी नीट बघितलं माझ्याकडे! "उभी राहा. वळ. अशी नको ताठ, नेहमीसारखी राहा."

मी वॉर्डात सगळ्यांदेखत पाठ करून उभी. सिस्टर हसायला लागली.

"डावा खांदा खाली आहे. बोटभर. आधीपासूनच. मान पुढे, कागदात घालून घालून. आणि उजवा हात कोपरात वाकलेला, रिकामा असला तरी पेन्सिल धरल्यासारखा."

"डावा खांदा? मला कधी दिसला नाही तो!"

"दिसेल कसा? तुझ्या प्रत्येक कोटाला डावीकडे जाड पॅड घालत आलोय. कळू दिलं नाही."

घरी येऊन कपाट उघडलं. सगळे कोट चाचपले. खरंच— डावीकडे जाड, उजवीकडे पातळ. एकूण एक! सगळे अंथरुणावर काढून ठेवले आणि मधे बसून राहिले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चूक केली आज. स्वतःला दारात काढून चित्र पुरं केलं, सुताराला माप दिलं आणि कौतुकाने ह्यांना दाखवायला घेऊन गेले.

ह्यांनी चष्मा मागितला. बराच वेळ बघितलं. खांदा ओळखला, जरासे हसले. मग कागदभर डोळे फिरवले. एकदा. परत एकदा.

"मी कुठाय?"

मी म्हटलं, ह्या वेळेला मीच उभी राहिले. सहज. बदल म्हणून.

"मला काढून टाकलंस?"

"तसं नाही हो—"

"खोडल्याचं दिसतंय इथे. स्वेटरची रेघ आहे."

काय सांगणार होते? की त्या खाटेपुढे तुम्हाला उभं करायला माझा हात धजेना? त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"बरोबर आहे तुझं. जो उभाच राहत नाही, त्याच्यावरून माप कसलं घेणार!"

आणि भिंतीकडे वळले. जेवणाला हात लावला नाही. व्यायामवाली आली, तिला नको म्हणाले.

देवा, मी ह्यांना वाचवायला खोडलं आणि ह्यांना वाटलं मी खोडूनच टाकलं!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ताप. छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, लेकीला बोलावून घ्या.

फोनवर लेक रडली नाही, नुसतं म्हणाली, "निघते." तिचा तो कोरडा आवाज ऐकून मी फोन ठेवायचंच विसरले.

सुतार वॉर्डाच्या दारापर्यंत येऊन गेला. आत आला नाही. निरोप ठेवला— दरवाजा बरोबर केला, एक मावशी आणि वर चार बोटं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लेक आली. बापाच्या कपाळावर हात ठेवून बसून आहे. मी ह्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं— का खोडलं ते. एका दमात. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नाही. डोळे मिटलेले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ताप थोडा उतरला म्हणतात. मी "बरं" म्हटलं. आशा धरायचीसुद्धा भीती वाटते आता.

लेक म्हणाली, "आई, तू घरी जा, आंघोळ कर, झोप. मी आहे." घरी आले. दोन कपात चहा ओतला. सवय. दुसरा कप तसाच समोर ठेवून बसले. ओतून द्यायला हात होईना.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी गेले. दारातच थबकले.

ह्यांची खाट रिकामी. नवी चादर. चारी कोपरे घट्ट. उशीवर सुरकुती नाही. आणि दारात मी— मान पुढे, उजवा हात वाकलेला. माझंच चित्र! पर्स कधी हातातून पडली, कळलं नाही.

"आजी, तिकडे काय बघताय? इकडे!" व्यायामवालीचा आवाज.

खिडकीशी, वॉकर धरून, पाठमोरे. इस्पितळाच्या झग्यावर लेकीने आणलेला स्वेटर. पाय लटपटत होते. डावी टाच जराशी उचललेली. लेक दोन्ही हात पसरून मागे उभी, धरू की नको धरू अशी.

"उजाडल्यापासून एकच हट्ट," ती मुलगी म्हणाली. "मला उभं करा, हिला माप लागतं."

मला पुढे जाता येईना. समोर खिडकीच्या काचेत ह्यांचा चेहरा दिसत होता. घामेजलेला, खंगलेला. काचेतूनच माझ्याकडे बघत होते.

"डावा खांदा वर घे," म्हणाले.