अण्णाजींचा डाक्टर

तळेगाव (श्यामजी पंत)
ता. १४ फेब्रुवारी १९७८

चि. रूपराव यास नलूताईचे आशीर्वाद.

ऑफिसर माणसाला 'चिरंजीव' लिहिलेलं फौजेत चालतं की नाही, ठाऊक नाही. चालत नसेल तर तेवढी ओळ सोडून वाच. इकडे सगळं ठीक. हरभरा बरा आहे. शाळेत तपासणी झाली. माझ्या वर्गात मुलं जागी होती, डुलकी तपासनीसाला लागली.

'मेडिकल कोरमध्ये ऑफिसर झालो' हे तुझं पत्र पुंडलिकरावांनी स्वतःच्या दुकानासमोर मोठ्यानं वाचलं आणि सांज व्हायच्या आत तू डाक्टर झालास. गावाचा तरी काय दोष? अठरा वर्षं फौजेच्या इस्पितळात रोग्यांची शुश्रूषा करणारा तू सुट्टीत आलास की आपल्या ओसरीवर सुया टोचल्यास, जखमा धुतल्यास. बढती न होताच जो एवढं करतो, तो बढतीनंतर डाक्टर नाही तर काय होणार? गोठ्यालगतची खोली तुझ्या दवाखान्यासाठी सारवून झाली आहे. पुंडलिकराव गुडघा घेऊन रोज येतात. "पह्यला नंबर माहा, नलूबाई. मंग भांडाचं नाई."

मला मात्र तू खरं लिहिलंस. वॉर्ड सुटला, आता गाड्या, तंबू, औषधांचं भांडार आणि जवानांची कवायत. रोग्याला हात लावायचा नाही. 'ताई, हात रिकामे झाल्यासारखं वाटतं,' असंही लिहिलंस. माणूस वर चढवायचा आणि त्याच्या हातचं काम काढून घ्यायचं, अशी बढती सरकारच देऊ जाणे.

अण्णाजींची तब्येत तशी बरी आहे. वयाचं थोडं दुखणं, एवढंच.

एवढंच नाही, रूपराव. जांघेतला तो हर्निया तू पाहिला आहेस. पूर्वी आडवं पडलं की आत जायचा. आता धारा काढून होतात तरी ते खाटेवर दाबत पडलेले असतात, तोंडात दुपट्टा धरून. वर्ध्याच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, आत जातो आहे तोवर ऑपरेशन करून घ्या. एकदा अडकला तर तळेगावहून इथं पोचेपर्यंत उशीर होईल. तारीखही दिली. अण्णाजी म्हणाले, "माहा पोरगा डाक्टर झाला, अन् मी परक्याच्या हातून काऊन कापून घेऊ? तो येईन, तोच कापीन."

दोन तारखा अशा गेल्या. सकाळी त्यांची खाट करकरेपर्यंत मी चूल पेटवत नाही.

आज सांगून टाकलं. "अण्णाजी, रूपराव डाक्टर नाही झाला. ऑफिसर झाला."

"म्हंजे, कापाचं त्याले येत नाई?"

"नाही."

"अन् सुई?"

"आता तीही नाही द्यायची."

"इतके वर्स देत होता तं! हा कसा ऑफिसर?"

सगळ्या गावाला उत्तरं देणारी तुझी बहीण पाण्याचा तांब्या भरायला उठली. तांब्या हातात घेताना तेच म्हणाले, "नाई कापत तं नको कापू म्हणा. पन तिथं उभा तं राहू देतीन त्याले? त्यानं माहा पाय धरून ठेवला पाह्यजे. तो असन तं मी येतो वर्ध्याले."

नवी तारीख बुधवार, २२ची आहे. लखनौचं तुझं प्रशिक्षण एक तारखेला सुरू होतं, म्हणजे मधले दिवस तुझ्याकडे आहेत. ते मागायला तुला संकोच वाटेल. त्याहून जास्त संकोच वाटेल तो इथं एस.टी.तून उतरल्यावर. 'डाक्टरसाहेब' म्हणत माणसं पुढं येतील आणि प्रत्येकाला तुला 'नाही' म्हणावं लागेल. म्हणून तू टाळशील, ही माझी भीती आहे. टाळू नकोस. गावाचं मी पाहून घेईन, देवानं मला जीभ त्याचसाठी दिली आहे. ऑपरेशनच्या खोलीत तुला कोण सोडतं ते तेव्हा पाहू. दारापर्यंत तरी ये.

तार कर. 'येतो' एवढा एकच शब्द पुरे. नसशील येणार, तर तार करू नकोस. मी बुधवारपर्यंत त्यांना 'रस्त्यात असेल' म्हणत राहीन आणि पाय मीच धरीन. पण माझा हात त्यांना ओळखू येतो रे.

घाबरलेली,
नलूताई