यांनी साक्ष दिली

१२ नोव्हेंबर २००६, रविवार. अकोला
जठारपेठेत नणंदेकडे मुक्काम. संध्याकाळी मैदानावर चंगाई सभा, प्रार्थनेनं आजार बरे करण्याची. काय तो मंडप, काय ते दिवे! आमचं परतवाड्याचं चर्च त्या स्टेजच्या एका कोपऱ्यात बसलं असतं. कापसाला यंदाही भाव नाही, तरी खेड्यांतून ट्रक भरभरून माणसं. तरी कशाला, म्हणूनच आली असतील.
पांढऱ्या सुटातल्या प्रचारकांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला. हे मागे पडले, स्वयंसेवकांनी झेललं. मग माइक यांच्या हातात. "लहानपणापासून मिरगी होती. आज प्रभूनं काढली." सगळं मैदान हालेलुया. मी ढसाढसा रडले, आनंदाने. नणंद म्हणाली, वैनी, नशीब उघडलं तुमचं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार. परतवाडा
चहाबरोबर रोजची गोळी ठेवली. हात लावला नाही.
"एवढ्या लोकांसमोर साक्ष देली, अन् आता गोळी खाऊ? मंग मी प्रभूले खोटं पाडलं नाई का?"
आमच्यात साक्ष एकदा दिली की दिली. संडे स्कूलच्या पोरांना मीच हे शिकवते. पण गोळी फेकवेना, परत डबीत ठेवली. भीती त्या दिव्यांखाली नाही वाटली, इथे स्वयंपाकघरात वाटली.

१६ नोव्हेंबर, गुरुवार
मिरगीमुळेच यांचं धारणीची जीप चालवणं सुटलं होतं. तेव्हापासून स्टँडवर ओरडून सवाऱ्या भरायचे. आज मालक रहीमभाईंनी जीप पुन्हा हातात दिली. त्यांनी मला विचारलं, "भाभी, डॉक्टरले दाखवलं नं?" मी पदर सारखा करत बसले. हे शेजारीच उभे होते, इतके खूश.
धारणीचा घाट. एका अंगाला दरी. मागे लेकरं घेऊन बसलेल्या बाया. देवा.

१९ नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये सगळ्यांनी यांचे हात हाती घेतले. पाळकसाहेबांनी मात्र जुनी बाजाची पेटी बंद करता करता विचारलं, "गोळी चालू हाय नं बाप्पा?"
हे भडकले. म्हणाले, तुमच्या प्रार्थनेनं इतक्या वर्षांत काय झालं? म्हाताऱ्यानं पेटीची कडी लावली. मला नंतर म्हणाले, "मी रोज यांच्यासाठी मागतो, बाई. त्या गोळीसाठी बी मागतो, लागू पडू दे म्हनून."
या माणसाच्या उपदेशात मी वर्षानुवर्षं डुलक्या काढल्या.

२२ नोव्हेंबर, बुधवार
आली. सकाळी अंगणात दाढी करताना. आरसा फुटला, डोळे पांढरे, तोंडाला फेस. कुशीवर वळवलं, मान धरून बसले.
शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "कोनी पाह्यलं का?"
कोणी नाही म्हटलं. मग म्हणाले, सैतानाची परीक्षा आहे, बोलायचं नाही कुठे. आज झोपून आहेत. उद्या जीपवर जाणार म्हणतात. मी पाया पडले. ऐकत नाहीत.

२३ नोव्हेंबर, गुरुवार
गेले. शाळेत फळ्यावर काय लिहिलं, आठवत नाही. रस्त्यावर गाडीचा ब्रेक वाजला तरी जीव उडत होता.
मधल्या सुट्टीत पाळकसाहेबांकडे धावले, सगळं सांगितलं. म्हटलं, साक्ष दिलीय, आता कसं? ते चष्मा पुसत म्हणाले,
"साक्ष एकट्या त्याइचीच असते काय? ज्यानं पाह्यलं, त्यानं द्यावी."
संध्याकाळी हे सुखरूप आले. शीळ घालत.

२५ नोव्हेंबर, शनिवार
पाळकसाहेब कालपासून यांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून धारणीला जातात. भेटीगाठी आहेत म्हणे. कसल्या भेटीगाठी, तिकडे आपल्या चर्चचं एकही घर नाही. वेळ आलीच तर हा म्हातारा करणार काय? पण बसतो बिचारा.
मी बोलले तर हे मला माफ करणार नाहीत. नाही बोलले तर

२६ नोव्हेंबर, रविवार
साक्षीच्या वेळी उठले. समोरचा बाक धरला. "बुधवारी सकाळी यांना मिरगी आली. मी पाहिली. प्रभूवर माझा विश्वास आहे. म्हणून खरं सांगते." बस, एवढंच.
कोणी हालेलुया म्हटलं नाही. हे उठून बाहेर गेले. चप्पलसुद्धा घातली नाही.
येताना रहीमभाईंच्या घरी जाऊन त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, जीप उद्या दुसरा चालवेल.

२७ नोव्हेंबर, सोमवार
कालपासून अबोला. सकाळी चहा ठेवला, बशीत गोळी. हे म्हणाले, "आता मी कोनाले तोंड दाखवू?"
म्हटलं, प्रभूला दाखवा.
"तो तं काहीच म्हनत नाई."
मलाही ऐकू येत नाही, म्हटलं. आणि शेजारी बसून राहिले. मग पोळ्यांसाठी आत आले.
आता कपाचा आवाज झाला. हे अंगणात गेलेत, खांबाला टेकून उभे आहेत. बाहेरच्या खोलीतली बशी उचलायची आहे; तीत गोळी आहे की गेली, अजून पाहिलं नाही. आधी हे लिहून घेते. मग उचलते.