सात नंबरची म्हातारी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; खुर्चीतून उठलो की लॅपटॉपचा चार्जर निघतो). मी खुशाल. तूही खुशाल असल्याचं सगळ्यांना सांगतेस, पण जिना चढताना छातीत दुखतं आणि तरी तू डॉक्टरला दाखवत नाहीस, हे आईकडून कळलं. त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र फक्त आभाराचं आहे.

मी माकडांवर संशोधन करतो हे तुला माहीतच आहे (बाबा लोकांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ असं सांगतात). कोण कोणाच्या उवा काढतं ते दिवसभर बघायचं आणि कॉम्प्युटरला द्यायचं. तो प्रत्येक माकडाचा एक ठिपका काढतो आणि संबंध असेल तिथे रेघ ओढतो. हात बसावा म्हणून मी आधी आपल्या घरावरच सराव केला. उवांच्या जागी फोन धरले, कोण कोणाला आपणहून करतं ते. नावांऐवजी सवयीने नंबर टाकले. तू सात. आणि सोमवारी विभागाच्या बैठकीत चुकून माकडांऐवजी आपलंच घराणं पडद्यावर उघडलं.

माझी पाचावर धारण बसली. माझे मार्गदर्शक सर मात्र ती माकडंच समजून खूश. एक नंबर (बाबा) आणि चार नंबर (काका) एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत, हे त्यांनी लांबूनच ओळखलं. दोन्ही प्रौढ नर, जागेवरून भांडण असणार, म्हणाले. (गॅलरीचं प्रकरण मी कुठे सांगत बसू?) मग त्यांनी सातवर बोट ठेवलं. ही म्हातारी असणार, दादागिरी करत नाही, पण सगळ्या रेघा हिच्यातून जातात. ही गेली की टोळीची दोन शकलं, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. एरवी माझ्या कामाला नावं ठेवणाऱ्या माणसाने पहिल्यांदा पाठ थोपटली. आत्या, ती तुझ्यामुळे. बाबांना काकांचा गुडघा आणि काकांना बाबांची बढती कोण कळवतं, हे त्या रेघा बघेपर्यंत मी कधी मनावरच घेतलं नव्हतं. तुझे फार उपकार आहेत गं.

तुझा भाचा

ता. क. दुसऱ्या दिवशी सरांना खरं सांगून टाकलं. शाबासकी परत गेली. माकडं पुन्हा पहिल्यापासून.

ता. क. २. हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. सात नंबरची तब्येत कशी आहे, एवढंच विचारलं. मी सांगितली. म्हणाले, “मग तुम्ही इथे काय करताय?” तेव्हा शनिवारी सकाळी तुला दवाखान्यात न्यायला येतोय, तयार राहा. बाबा आणि काका दोघंही मागच्या सीटवर असतील. मध्ये बसायला तूच हवीस.