पितराचा पाट

६ मार्च २०२५, गुरुवार

कुलपात तेल घातले तेव्हा कुठे किल्ली फिरली. डब्लिन ते मुंबई विमान, मुंबई ते मेहकर रात्रीची गाडी, तिथून साखरखेर्डा – डोळ्याला डोळा नाही. तरीही प्रथम घर झाडून काढले, मग अंघोळ, मग चहा. क्रम चुकवला नाही. सौ. म्हणाली, "आधी चहा घेतला असता तं घर काही पळालं नसतं."

मुलाकडचे, ज्ञानेश्वरकडचे वर्ष संपले. त्याने आणि सूनबाई प्रतीक्षाने आग्रह पुष्कळ केला. नात छकुली विमानतळावर रडली. पण ठरवले होते एक वर्ष, आणि राहिलो एक वर्ष.

ओट्याची अवस्था मात्र पाहवत नाही. कोपऱ्यात मातीचे एक तडकलेले मडके. पायरीलगत, शेजारच्या नळाचे पाणी जिथून वाहते तिथे, आंब्याचे वीतभर रोप. म्हणजे आमच्या माघारी कोणीतरी खुशाल या ओट्यावर बसून आंबे खाल्ले आणि कोय तिथेच फेकली! मुळे पायात शिरली तर ओट्याला तडा जाईल. उपटायला वाकलो, तर सौ. आडवी आली. "राहू द्या. आपल्या मांगं इथं येवढं एकच तं जितं राह्यलं."

जागा चुकीची आहे, असे मी सांगितले. तिने रोपाला तांब्याभर पाणी घातले.

११ मार्च

निवृत्तिवेतनाच्या कामासाठी चिखलीला गेलो. एस. टी.तून उतरताना सवयीने चालकाला "धन्यवाद" म्हणालो. तिकडे आयर्लंडात, ज्ञानेश्वरच्या गॉलवेला, बसमधून उतरणारा प्रत्येक जण चालकाचे आभार मानतो, शाळकरी पोरेसुद्धा. इथे चालकाने इंजिन बंद केले. "काय राह्यलं बाबा गाडीत?" काही राहिले नाही, आभार मानले, असे मी म्हणालो. तो वाहकाकडे वळला – "पाह्य बरं मांगच्या सीटवर. बाबाची थैली असन."

वाहकाने खरोखर पाहिले.

१९ मार्च

जो येतो तो विचारतो, तिकडे करमले का? एका शब्दात उत्तर – करमले.

सविस्तर उत्तर कोणी मागत नाही, म्हणून इथे लिहितो. जून महिन्यात रात्रीचे जेवण उन्हात व्हायचे. सौ.ला ते पटत नसे. दिवा लावल्याखेरीज तिचा घास उतरत नाही, म्हणून लख्ख उजेडात ती देवापुढे निरांजन लावून मग पानावर बसे. रोमला ज्ञानेश्वर आम्हांला एका प्रचंड कारंज्याजवळ घेऊन गेला. तिथे हिने कठड्यावर बसून पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शेजारच्या एका बाईने वाकून पाहिले आणि खुणेनेच मागितला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी, हिचे हसणे, आणि त्या दोघींचा छायाचित्रासाठी गळ्यात गळा. लिस्बनला चढच चढ. तिथे माझे गुडघे हरले, पण समुद्राकाठी दिवसभर बसून राहिलो आणि त्याबद्दल तक्रार नाही.

आणि ओसलिव्हन. गॉलवेचे आमचे शेजारी, विधुर, लॅटिनचे निवृत्त शिक्षक. बागेतल्या फलकावरची एकच चूक आम्हां दोघांना एकाच वेळी खटकली, तिथून ओळख. पुढे रोज चार वाजता कुंपणापाशी ते त्यांच्या बाजूने व मी माझ्या बाजूने उभा. या वयात नवा मित्र होतो, हे मला कोणी सांगितले असते तर मी पुरावा मागितला असता.

२३ मार्च, रविवार

वाचनालयात सत्कार. सचिव प्रसेनजित, माझाच विद्यार्थी. फलकावर एकही चूक नव्हती. तसे त्याला सांगितले. तो म्हणाला, "सर, तुमच्या भेवानं तीन जनायकून तपासून घेतला."

तासभर बोललो. लोकांनी ऐकले. शेवटी गेल्या वर्षीच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, हकिकत सांगितली. आपल्याकडे त्या दिवशी घागर भरतात आणि गेलेल्या वडिलांच्या नावाने भाऊकीबाहेरचा एक माणूस पाटावर बसवून त्याला जेवू घालतात. त्या दिवसापुरता तोच वडील. परदेशात असा माणूस आणायचा कुठून? मी ओसलिव्हनना बसवले. सभागृह हसले. टाळ्या पडल्या.

गावातले आमचे जुने स्नेही भगवानराव पहिल्या रांगेत होते. टाळ्या चालू असतानाच उपरणे झटकून उठले आणि बाहेर गेले. शेतावर वीज येण्याची वेळ झाली असावी.

३० मार्च, गुढीपाडवा

भगवानराव आले नाहीत. पाडव्याचा कडुलिंब आणि गूळ आजवर त्यांनी आमच्या ओट्यावरच खाल्ला आहे.

सौ.ने कारण सांगितले, तेही भाजी निवडता निवडता. "आबा गेले तवापासून पाटावर कोन बसते? भगवानराव बसतात. अन् तुमी भर सभेत सांगतले का दुसरा मानूस बसवला. थेबी हासत हासत."

मी म्हणालो, यात अयोग्य काय? पितर म्हणून बसणारा भाऊकीबाहेरचा असावा, एवढाच दंडक आहे. तो अमुकच असावा, असे कुठेही नाही.

"तुमचं बराबर हाये," ती म्हणाली. "तुमचं कवा चुकते? जा मंग, त्यायच्या घरी जाऊन बराबर बसा."

१ एप्रिल

गेलो नाही.

६ एप्रिल

गेल्या आखाजीच्या दिवसाचे नीट लिहून ठेवतो. सभेत हशासाठी बरेच गाळले गेले.

घागरीऐवजी स्टीलचा कलश. आंबे महाग आणि आंबट, म्हणून डब्यातला रस. पुरण मात्र हिने पाट्याशिवायही सुरेख केले. ओसलिव्हन कोट घालून आले. मी त्यांना सर्व समजावून सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला – वडील उजवे होते की डावरे? उजवे, म्हणालो. ते स्वतः डावरे; पण सबंध जेवण उजव्या हाताने जेवले, चमच्याशिवाय, कोटाच्या बाहीवर रस सांडत. मी त्यांचे पाय धुतले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. बाहेर ठेवलेला घास कावळ्याने नव्हे, समुद्रपक्ष्याने उचलला. छकुलीने विचारले, "आजोबा, हा चालतो?" चालतो, म्हणालो.

जेवणानंतर नमस्कार केला. ओसलिव्हन म्हणाले, आज मी तुझा पिता असेन तर एक सांगतो. नातीला ताटावर चुकीचे बोलू दे. ती पंधरा वर्षांची झाली की मग सुधार.

त्याआधी मी तिचे प्रत्येक वाक्य दुरुस्त करत असे. ती माझ्याशी मराठी बोलायचीच थांबली होती. दुसऱ्या दिवसापासून मी जीभ आवरली. महिन्याभरात ती बोलू लागली – लिंगाचा पत्ता नाही, वचनाचा नाही, पण अखंड.

हे मी सभेत सांगितले नाही. सांगायला हवे होते. मग कदाचित कोणी हसले नसते.

१३ एप्रिल

आखाजी तोंडावर आली. अखेर भगवानरावांकडे गेलो. ते खळ्यात दोरी वळत बसले होते. बसा म्हणाले, पण उठले नाहीत.

मी मुद्द्यानुसार मांडणी केली. एक, तेव्हा अडचण होती. दोन, नियमभंग झालेला नाही. तीन, यंदाचा पाट त्यांचाच आहे.

त्यांनी दोरीचा पीळ सोडला नाही. "मास्तर, तुमच्या बापाले आता साखरखेर्ड्याचा रस्ता कुठं याद राह्यला? थो इमानानं जाऊन आला. काट्या-चमच्यानं जेवला असन. आमच्या हाताचं पानी त्याले आता गोड लागन का?"

चमच्याने नव्हे, हाताने जेवले, असे मी सांगितले.

"मंग तं झालंच. त्यालेच बलवा. पासपोर्ट असनच त्याच्यापाशी."

मला राग आला. मी म्हणालो, भगवानराव, मग काय वडिलांना त्या दिवशी उपाशी ठेवायचे होते?

त्यांनी प्रथमच मान वर केली. "उपाशी कोनं ठिवलं व्हतं?"

प्रश्नाला प्रश्न. यावर चर्चा होऊ शकत नाही. उठून आलो.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक दारावरून गेली. प्रसेनजितने हात केला, मीही केला. भगवानराव समोरच्या बाजूने पाहत उभे होते. त्यांनी मला पाहिले. मी त्यांना पाहिले. दोघांनीही मिरवणूक पाहिली.

१८ एप्रिल

सौ.ने सुचवले, दुसरे कोणी बसवू. बेलगल्लीतले उकंडराव सज्जन आहेत, पचनही उत्तम आहे.

मी नाही म्हणालो. का, ते मला सांगता आले नाही. दंडकानुसार उकंडराव पूर्णपणे चालतात.

वडील आणि भगवानराव – हे मी आजवर कधी लिहिलेले नाही. मी अकोल्याला शिकायला गेलो. इथे वडिलांच्या जोडीला औताला, पेरणीला भगवानराव. वडील मला पत्र घालत त्यात व्याकरणाच्या चुका असत आणि भगवानरावांची खुशाली असे. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी बुलढाण्याला परीक्षेचे पेपर तपासत होतो. पाणी भगवानरावांनी पाजले. म्हणून पाट त्यांचा. दंडक नंतर.

२२ एप्रिल

गॉलवेचा फोन. पडद्यावर प्रथम छकुली. "आजोबा, तुझी झाड मोठी झाली का?"

"झाली," मी म्हणालो.

मागून ज्ञानेश्वर हसला. मग त्याने फोन शेजारी नेला. ओसलिव्हन कुंपणापाशीच होते, हातात फावडे. आखाजी कधी, या वर्षी पाटावर कोण, हे त्यांनी आपणहून विचारले. मी सर्व हकिकत सांगितली – सभा, उपरणे, दोरी, माझे तीन मुद्दे.

त्यांनी फावडे कुंपणाला टेकवले.  मग म्हणाले, तीस तारखेला दुसरा पाटावर बसेपर्यंत मीच तुझा पिता आहे ना? मग ऐक. मी त्या पाटावर पाहुणा होतो. ज्याचा तो पाट आहे, त्याच्याकडे जा. मुद्दे घरी ठेव. फक्त बोलव.

सौ. माझ्या खांद्यावरून पाहत होती. तिला इंग्रजी येत नाही, असे मी आजवर समजत होतो. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मी काय येगळं सांगत व्हती?"

२६ एप्रिल

गेलो. ते ओट्यावर होते, मी खाली उभा राहिलो. म्हणालो, "भगवानराव, बुधवारी आबांच्या पाटावर तुम्ही बसा. मला दुसरे कोणी नको."

एवढेच. पुढे एक पूर्ण परिच्छेद तयार होता; तो गिळला.

त्यांनी आत पाहिले, बाहेर पाहिले, पायातली वहाण सरळ केली. 

"वैनीले सांगा," ते म्हणाले, "रस पातळ नोका करू."

२७ एप्रिल

बाजारातून आंबे, खरबूज, लाल घागर आणली. कुंभारीण म्हणाली, मास्तर, भाव नाही केला आज! केला नाही खरा.

सौ. कुरडया तळते आहे आणि गुणगुणते आहे. सुरात नाही. असू दे.

बुधवारी घर स्वच्छ हवे, तेव्हा मंगळवारी सायंकाळी ते रोप काढून टाकीन.

२९ एप्रिल

पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेले. परवा काढीन.

३० एप्रिल, आखाजी

भगवानराव नवे धोतर नेसून आले. ओट्यावर पाय धुवायला तांब्या घेऊन वाकलो, तर त्यांची नजर पायरीलगतच्या रोपावर. "जगली म्हना की कोय," ते म्हणाले.

मी वर पाहिले.

"मांगच्या आखाजीले तुमच्या घराले कुलूप. म्हतारा दारातून उपाशी वापस जाईन म्हनून म्याच मडकं भरून आनलं, इथंच बसलो. दोन आंबे खाल्ले. पोळी कोन करीन मले?"

पाय धुतले. वेळ लागला.

त्या दिवशी वडील दोन्हीकडे जेवले. आज तिसऱ्यांदा रस मागितला.

उद्या रोपाला आळे करायचे. ओट्याला तडा गेला तरी चालेल.