पार्डन म्हणजे पुरते देणे

मार्गशीर्ष शु. ४, शके १८०६. ठाणे.

शाळेतले जुने इंग्रजी कवितेचे पुस्तक काढले. आत एक पोस्टकार्ड निघाले, तसेच परत ठेवले. शेवटच्या कडव्यात 'पार्डन'. तीस वर्षे मुलांना 'माफी' सांगत आलो. पण माफी कचेरीतली, क्षमा देवापुढची. बापाने लेकीला म्हणायला दोन्ही जड. मी शिकवत असता गोदी दाराआडून चाल म्हणे, अर्थ न कळता. काय गोड म्हणे! आता कल्याणास सासरी. तिची आई गेली ते तिला तेराव्यानंतर कळवले. वर्ष होत आले, माहेरी पाऊल नाही.

शु. ७

शब्दाचे मूळ विचारायला पाद्रीबाबांकडे गेलो. म्हणाले, "मास्तर, इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांचा उचलला. मूळ लॅटिन. 'पर' म्हंजे पुरतं, 'दोनारे' म्हंजे देणं."
"म्हणजे आमचे दानच की!"
"मग घ्या तुमचं परत," म्हणून हसले.
पुरते देणे. हाच शब्द गोदीसाठी. येताना कोपरीवरून चालत आलो, वाट कळली नाही.

शु. १०. कल्याण.

जावई स्टेशनात तारमास्तर, कामावर होते. गोदीने पाट दिला, पाणी दिले. भाकरी थापताना पाठमोरीच हळू म्हणाली, "आई गेली तेव्हा मला का नाही कळवलंत, तात्या?"
मी म्हटले, "गोदे, पार्डन."
ती वळली. मोठ्याने, "आई गेली तेव्हा मला का नाही कळवलंत? आता आलं ऐकू?" शेजारीण डोकावली.
"तू ओली बाळंतीण—"
"बाळंतीण होते. परकी नव्हते."
ती का ओरडली, ते जावई कामावरून आल्यावर जेवताना उमगले. ती म्हणाली, "भात वाढू?" जावई म्हणाले, "पार्डन?" ती ओरडली, "भात! वाढू का?" तारयंत्राच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू येते. या घरी 'पार्डन'चा अर्थ तेवढाच: ऐकू आले नाही, पुन्हा सांग.
मी काही उलगडून सांगितले नाही.

मार्ग. व. २. ठाणे.

गोदीचे कार्ड. अक्षर मी गिरवून घेतलेले. एकच ओळ: 'विचारलेले ऐकू आले की नाही, ते कळवावे.'

ऐकू आले होते. तिची आई गेली त्या दिवशीही लिहायला बसलो होतो. 'चि. गोदीस' झाले, पुढे हात चालेना. लिहिले की तिची आई खरीच गेली, असे काहीसे वाटले.

पुस्तकातले कार्ड ते हेच, अर्धे राहिलेले. शाई तपकिरी झाली आहे. मायन्याखाली जागा पुष्कळ. टाक भिजवून बसलो आहे, 'ऐकू आले' एवढेच मराठीत लिहायला.