तसबीर ठेवून एक, काढून एक

९ मार्च
येसर भाजून डोळे गेले. आमटीच्या मसाल्याचा धूर सगळा मधल्या खोलीत. त्यात सुनेचं, प्रज्ञाचं, येगळंच. मोबाइलवर येसराची जाहिरात टाकायलीय, पण एक फोटो न्हाई, दोन. निम्म्या लोकांना हा दाखवायचा, निम्म्यांना तो. ज्याच्यावर जास्त बोटं पडतील तो ठेवायचा. पोरी बघायला गेल्यासारखं. दोघींना बसवा, एक पसंत करा.
एका फोटोत मी. पुढं परात, मागं भिंतीवर बुद्धाची तसबीर. तोंड असं, जशी आत्ताच भांडून उठले.
दुसऱ्यात प्र. स्वतः. मैतरणीची नऊवारी, नाकात नथ, पितळी ताट. आन बसली कुठं, तर शेजारच्या कमलबाईच्या तुळशीपाशी. म्हणलं, आपल्या दारात तुळस हाय का गं? म्हणली, "आत्याबाई, फोटोत चांगलं दिसतं."
भाजायला मात्र मी.

१२ मार्च
तुळस जितली. फोनवर फोन.
दुपारी एक मी उचलला. बाप्या माणूस, लय गोड बोलणारा. घरीच करता का? हो. सोवळ्यात का? म्हणलं, हात धुऊन. मग म्हणला, "आडनाव काय म्हणालात?" म्हणाले न्हवतेच. सांगितलं.
"बरं बरं. घरी विचारून कळवतो."
कळवतोय आता.

१३ मार्च
सकाळीच जुंपली. मी म्हणलं, आपला फोटो भिंतीमुळं पडला. प्र. म्हणती, तसं न्हाई, तरणं तोंड, पितळी ताट, उजेड, आन तुमच्या कपाळाला आठ्या. हे मधीच म्हणले, कालवणात भिंत लागत न्हाई, विकू द्या की. म्हणलं, तुमी गप बसा, तुमाला आमटी आयती मिळती.
मग प्र. जरा ईचार करून म्हणली, "चुकलं माझंच. एकदम समदंच बदललं. माणूस, ताट, जागा. कशानं फरक पडला ते कळंल कसं? एका टायमाला एकच गोष्ट बदलायची असती."
म्हणलं, मग बदल एकच. दोन्हीत मीच, हेच लुगडं, हीच परात. फक्त तसबीर. एकात ठेवून, एकात काढून.
बोलून बसले.

१५ मार्च
तसबीर काढायला कुणी तयार न्हाई. प्र. म्हणती, तुमी काढलं खूळ, तुमीच काढा. हे देवगाव फाट्याला गेले. काय काम, ते सांगितलं न्हाई. काम बिम काही न्हाई.
शेवटी मीच हात धुतले आन स्टुलावर चढले. सासूनं लावलेली तसबीर. घराला रंग दिला तवापासनं हलली न्हाई. पुसली, पांढऱ्या लुगड्याच्या घडीवर कोनाड्यात ठेवली.
भिंत बघितली तर मागं कोरा निळा चौकोन. बाकी सगळी धुरानं काळी. आपली भिंत निळी हाय हे इसरलेच व्हते.
प्र. म्हणली, हसा. म्हणलं, गुमान काढ फोटो.
झाला की लगेच लावली. वाकडी बसली. पुन्हा लावली.

१७ मार्च
प्र. घडोघडी मोबाइल बघायली. म्हणलं, मला सांगू नको. जराशानं मीच विचारलं. अजून थांबावं लागतं म्हणे, घाई केली की फसगत.
डोक्यात एकच. तसबीर काढलेला फोटो जितला तर? येसर तर विकायचाच हाय. पुन्हा कापूस येचायला जायचं बळ गुडघ्यात न्हाई. मग काय, फोटो काढायचा आला की तसबीर उतरवायची, झाला की लावायची? सासू असती तर लाटणं घेऊन…

१९ मार्च
जिंतूरच्या एका बाईचा फोन. तिला तसबीर काढलेला फोटो दिसला. येसर मागवला, पत्ता दिला. मग म्हणली, "एक विचारू का, ताई? मागं निळा चौकोन दिसायलाय. वर खिळा बी हाय. तिथं काय व्हतं?"
म्हणलं, "पुसायला काढलंय."
"काय काढलंय?"
म्हणलं, बाई, चुलीवर करपायलंय, मग बोलू. चुलीवर काहीच न्हवतं.
सरपंचाला कधी भ्याले न्हाई. आन एका बाईनं खिळा विचारला तर ही तऱ्हा.
प्र. तिथंच मिरच्यांची देठं काढत व्हती. सगळं ऐकलं. थंड चुलीकडं एकदा बघितलं आन पुन्हा देठं खुडायली. तेच लय लागलं.

२० मार्च
निकाल आला. प्र. मोबाइल घेऊन दारात. "सांगू का?" तोंडावरनं काही कळंना. तोंड दगडासारखं ठेवायला माझ्याच घरात शिकली.
म्हणलं, थांब. जिंतूरचं पार्सल बांधायलेय. निघालं का ते विचारायला ती बाई संध्याकाळी फोन करणार हाय. त्या चौकोनात काय व्हतं ते आधी तिला सांगते. मग तू मला सांग.
"आन तिनं येसर नको म्हणलं तर?"
म्हणलं, ती चिकटपट्टी दे इकडं.